कमावलेले दिवस

१९६० साली सर्वोच्च न्यायालयात जन्मठेपेच्या एका कैद्याची याचिका आली. तिच्यात कायद्याच्या मुद्द्यांबरोबर एक हिशोबही होता. ३० सप्टेंबर १९६० पर्यंत आपल्या खात्यावर किती दिवसांची माफी जमली, ते बाबवार मांडलेलं होतं. नेहमीची माफी, विशेष माफी, व्यायामाबद्दलची, लिहिण्या-वाचण्याबद्दलची, वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीबद्दलची, आणि सगळ्यांत मोठी रक्कम राज्य सरकारने वेळोवेळी जाहीर केलेल्या माफीची. सगळी मिळून जवळजवळ आठ वर्षं. तुरुंगात प्रत्यक्ष काढलेल्या काळात ती मिळवली की बेरीज वीस वर्षांच्या पुढे जात होती. जन्मठेप कायद्याच्या हिशोबाने वीस वर्षांची. ती भरली, तेव्हा आता सोडा, अशी मागणी होती.

कैद्याचं नाव गोपाळ विनायक गोडसे. महात्मा गांधींच्या खुनाच्या कटात त्याला १० फेब्रुवारी १९४९ रोजी शिक्षा झाली होती.

गुन्हा असा, की त्या नावापुढे दयेचा विचारही अनेकांना सहन होऊ नये. पण याचिकेतला प्रश्न त्या एका माणसापुरता नव्हता. महाराष्ट्रातल्या आणि देशातल्या प्रत्येक तुरुंगात खुनासाठी जन्मठेप भोगणारा कैदी आपल्या हिस्टरी तिकिटावरच्या, म्हणजे तुरुंगातल्या नोंदपत्रावरच्या, माफीच्या नोंदी असाच मोजत असतो. कामाचे इतके, वर्तणुकीचे इतके. हे दिवस त्याने कमावलेले. पण ते कुणाच्या मालकीचे, त्याच्या की सरकारच्या? या प्रश्नाला आता पावणेदोनशेहून अधिक वर्षं झाली, आणि त्याची सुरुवात ज्या ठिकाणी झाली तिथले कैदी भुरटे चोर नव्हते. माफी कमावण्याची पद्धत सगळ्यांत वाईट समजल्या गेलेल्या कैद्यांसाठीच आधी वापरून पाहिली गेली. पुढे कायद्याने नेमक्या त्यांच्याच बाबतीत हात आखडता घेतला.

ते ठिकाण म्हणजे नॉरफोक बेट. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे चौदाशे किलोमीटरवर, पॅसिफिक महासागरात. ब्रिटनमधून हद्दपार होऊन ऑस्ट्रेलियात आलेल्या ज्या कैद्यांनी तिथेही पुन्हा गुन्हा केला, त्यांना या बेटावर डांबत. फटके, बेड्या, अंधारकोठडी हा रोजचा क्रम. १८३४ साली तिथे बंड झालं आणि काहींना फाशीची शिक्षा झाली. कोणाला फाशी आणि कोणाला जीवदान, हे सांगायला विल्यम उलाथोर्न नावाचे कॅथलिक पाद्री कोठडीत गेले. ज्यांची फाशी टळली ते रडले, आणि ज्यांची कायम झाली त्यांनी गुडघे टेकून देवाचे आभार मानले, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे.

मार्च १८४० मध्ये या बेटाचा ताबा अलेक्झांडर मॅकॉनोकी या स्कॉटिश नौदल अधिकाऱ्याकडे आला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातला हा भूगोलाचा पहिला प्राध्यापक. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नेपोलियनच्या युद्धात तो १८११ ते १८१४ फ्रेंचांच्या कैदेत होता. कोठडीतला वेळ कसा असतो हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

त्याचं म्हणणं सरळ होतं. न्यायाधीश माणसाला सात वर्षं ठोठावतो, म्हणजे सात वर्षं नुसतं बसून राहायला सांगतो. तो सुधारला काय आणि बिघडला काय, तारीख तीच. त्याऐवजी शिक्षा कामाच्या मापाने द्या. सात वर्षांच्या जागी ६,००० गुण, दहा वर्षांच्या जागी ७,०००, जन्मठेपेला ८,०००. दिवसभराचं काम नीट केलं की ठरावीक गुण जमा. आगळीक झाली तर फटक्यांऐवजी गुणांची कपात. जादा शिधा हवा असेल तर तोही गुण मोजूनच. कैद्यांच्या लहान लहान तुकड्या करायच्या आणि एकाच्या चुकीची झळ सगळ्या तुकडीला बसू द्यायची, म्हणजे माणूस दुसऱ्याचाही विचार करायला शिकेल. सुटकेची किल्ली कैद्याच्याच हातात द्यायची, असा हा सगळा बेत.

वरिष्ठांचा हुकूम होता की ही पद्धत इंग्लंडहून थेट येणाऱ्या नव्या कैद्यांपुरती ठेवावी; आधीपासून तिथे असलेल्या, दोनदा शिक्षा झालेल्या बाराशेच्या आसपास जुन्या कैद्यांना तिच्यात घेऊ नये. मॅकॉनोकीने तो मानला नाही. एकाच बेटावर काहींना आशा आणि काहींना चाबूक, हे त्याला जमणारं नव्हतं. राणी व्हिक्टोरियाचा वाढदिवस २५ मे १८४० रोजी साजरा झाला, तेव्हा त्याने बराकींचे दरवाजे उघडले. सगळे कैदी दिवसभर बेटावर मोकळे फिरले. राणीच्या नावाने थोडी दारू, नाटक, गाणी, आतषबाजी. संध्याकाळी बिगूल वाजला आणि सगळे आपापल्या जागी परतले. काही गडबड झाली नाही. पण बातमी सिडनीला पोचली तेव्हा तिथल्या प्रतिष्ठितांचा संताप झाला.

चार्ल्स अँडरसनची हकिगत इथे सांगायलाच हवी. नौदलातला हा खलाशी लढाईत डोक्याला मार बसल्यापासून तापट झाला होता. घरफोडीसाठी हद्दपार झाला, आणि सिडनीच्या बंदरातल्या गोट बेटावर त्याला एका खडकाला साखळीने बांधून ठेवलं गेलं. लोक होड्यांतून त्याला बघायला येत आणि त्याच्याकडे पाव फेकत. मॅकॉनोकीने त्याला नॉरफोकवर काही माजलेले बैल माणसाळवायला दिले आणि इतर कैद्यांना ताकीद दिली की त्याला कुणी छेडायचं नाही. बैल शांत झाले, माणूसही. पुढे त्याला टेकडीवरच्या निशाण चौकीचं काम मिळालं. समुद्रातून येणारं जहाज आधी पाहून बेटाला खबर देणारा माणूस आता तो होता.

या योजनेतली उणीव मात्र पहिल्या दिवसापासून होती. गुण द्यायचा अधिकार मॅकॉनोकीचा. त्या गुणांवर माणूस सोडायचा अधिकार सिडनीच्या गव्हर्नरचा आणि त्याच्याही वर लंडनच्या मंत्र्याचा. पत्राच्या उत्तराला महिनोन्महिने लागत. कैदी आठ हजार गुण पुरे करी आणि सही येत नसे. १८४३ च्या मार्चमध्ये गव्हर्नर जॉर्ज गिप्स आगाऊ सूचना न देता बेटावर आला. आतापर्यंत तो मॅकॉनोकीच्या विरोधात होता. त्याने सगळं पाहिलं, कैद्यांशी बोलला आणि बऱ्याच अंशी अनुकूल अहवाल लिहिला. उपयोग झाला नाही. मॅकॉनोकीला परत बोलावण्याचा निर्णय लंडनमध्ये आधीच झाला होता.

१८४४ मध्ये तो गेला आणि जुनी रीत परत आली. कैद्यांनी स्वतःचं अन्न शिजवण्यासाठी ठेवलेली भांडी जुलै १८४६ मध्ये काढून घेण्यात आली, तेव्हा बंड पेटलं, माणसं मारली गेली आणि त्यानंतर बारा जण फासावर गेले. तेच बेट आणि त्याच जातीचे कैदी. बदलला होता तो त्यांच्यावरचा विश्वास.

मॅकॉनोकीची कल्पना आयर्लंडमध्ये नीट बसवली वॉल्टर क्रॉफ्टनने. १८५४ पासून तो तिथल्या तुरुंगांचा कारभार पाहत होता. आधी माउंटजॉय तुरुंगात काही महिने एकांतवास. मग स्पाइक बेटावर काम आणि गुणांनुसार वरच्या वर्गात बढती. मग लस्क इथे भिंती नसलेल्या वसाहतीत शेती. आणि शेवटी अटींवर सुटका. सुटलेल्या माणसाला काम मिळवून देण्याची आणि त्याच्यावर नजर ठेवण्याची जबाबदारीही सरकारची. आज आपण ज्याला खुलं कारागृह म्हणतो त्याचं मूळ लस्कमध्ये आहे. इंग्लंडातल्या समाजसुधारक मेरी कार्पेंटर या पद्धतीच्या मोठ्या पुरस्कर्त्या होत्या. १८६६ साली त्या हिंदुस्थानात आल्या आणि इथले तुरुंग पाहत फिरल्या.

लोकांचा विश्वास किती लवकर उडतो, तेही त्याच काळात दिसलं. जुलै १८६२ मध्ये लंडनच्या भर वस्तीत एका खासदाराला गळा आवळून लुटलं गेलं. वृत्तपत्रांनी सगळा दोष मुदतीआधी सोडलेल्या कैद्यांवर टाकला. दोनच वर्षांत फटके आणि लांब शिक्षा परत आल्या. एका भयंकर घटनेनंतर सगळ्याच कैद्यांचे कमावलेले दिवस संशयाच्या भोवऱ्यात सापडावेत, हे तेव्हापासून आजपर्यंत वारंवार घडत आलं आहे.

हिंदुस्थानात ही पद्धत आली ती मॅकॉनोकीचं नाव न घेता, पण त्याचे गुण घेऊन. १८९४ च्या तुरुंग कायद्यात शिक्षा कमी करण्याच्या पद्धतीची व्याख्या आहे: कैद्यांना गुण देण्याचे आणि त्यानुसार त्यांची शिक्षा कमी करण्याचे नियम. ते नियम करण्याचा अधिकार सरकारला देणारं कलमही तिथेच आहे. नॉरफोक बेटावरचा प्रयोग चार वर्षांत मोडून टाकला गेला होता. त्याचा सांगाडा मात्र हिंदुस्थानच्या कायद्यात कायम राहिला. प्रांतोप्रांतीच्या जेल मॅन्युअलमध्ये त्याला तपशील मिळाला. महिनाभर शिस्त पाळली की ठरलेले दिवस, नेमून दिलेलं काम पुरं केलं की आणखी काही. कैद्यांतूनच नेमलेल्या वॉर्डर-मुकादमांना त्याहून जास्त.

अंदमानात तर सगळी वसाहतच पायऱ्यांवर उभी होती. जन्मठेपेचा कैदी आधी सेल्युलर जेलमध्ये कोंडला जाई, मग कामाच्या टोळीत, मग वर्षानुवर्षांच्या चांगल्या वर्तणुकीनंतर स्वतःच्या श्रमावर जगायची परवानगी, आणि वीस-पंचवीस वर्षांनी सुटका, तीही झाली तर. खुनी आणि दरोडेखोर या पायऱ्या चढत. राजकीय कैद्यांना त्या बहुधा बंद असत. सावरकरांनी १९१३ साली सरकारला लिहिलेल्या अर्जात हीच तक्रार आहे की साधे कैदी काही महिन्यांत जेलबाहेरच्या कामावर जातात आणि आपल्याला आतच ठेवलं जातं.

कमावलेल्या दिवसांवर न्यायालयात दावा सांगणारा पहिला महत्त्वाचा खटलाही एका क्रांतिकारकाचा. किशोरीलाल हे लाहोर कटातले भगतसिंगांचे सहकारी. १९३० साली त्यांना जन्मठेप झाली. चौदा वर्षं झाली, माफीही जमली, तेव्हा आता सोडा, अशी त्यांची मागणी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेली. कौन्सिल म्हणालं, जन्मठेप वीस वर्षांची धरली तरी सुटकेइतकी माफी अजून जमलेली नाही. म्हणजे ती जमली असती तर काय, हा प्रश्न उघडाच राहिला. पंधरा वर्षांनी गोडसेच्या याचिकेने तोच उचलला.

मधल्या काळात महाराष्ट्राच्या दुष्काळी माळावर एक वेगळं उत्तर शोधलं जात होतं.

औंध संस्थान अगदी लहान. त्याचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी लोकांना सूर्यनमस्कारांमुळे माहीत होते. १९३९ साली त्यांनी आपली सत्ता रयतेच्या हाती देणारी राज्यघटना केली आणि तिच्यात गांधीजींचा सल्ला होता. त्या सगळ्या उलाढालीत राजपुत्र अप्पासाहेब पंतांबरोबर एक पोलिश ज्यू अभियंता होता, मॉरिस फ्रीडमन. संन्यास घेऊन भारतानंद झालेला. पुढे मुंबईच्या खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांचे मराठी संवाद इंग्रजीत आणून जगभर पोचवणारा तो हाच. फ्रीडमनने राजांकडे संस्थानच्या तुरुंगातले कैदी मागितले. खुनासाठी शिक्षा झालेलेही. त्यांना बेड्या नकोत, भिंत नको. जमीन द्या आणि त्यांच्या बायकामुलांना त्यांच्याबरोबर राहू द्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

राजांनी होकार दिला. आटपाडीजवळच्या माळावर, आजच्या सांगली जिल्ह्यात, वसाहत उभी राहिली आणि तिला नाव मिळालं स्वतंत्रपूर. माणदेशातली ती जमीन पाऊस न पाहिलेली, दगडगोट्यांची. खुनाचे आरोप सिद्ध झालेली माणसं तिथे कुंपणाशिवाय राहिली, विहिरीचं पाणी शेंदून पिकं काढली, बाजारात गेली आणि परत आली.

औंधला जे जमलं ते नॉरफोकला का जमलं नाही, याचा विचार केला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. औंधात शब्द देणारा आणि सही करणारा एकच माणूस होता, आणि तो कैद्यांपासून काही कोसांवर राहत होता. मॅकॉनोकीला शब्द स्वतः द्यावा लागे आणि सही मागावी लागे साता समुद्रापलीकडे. कैद्याचा विश्वास या दोन टोकांच्या मधल्या अंतरात बुडतो. आपल्या तुरुंगांत आजही हे अंतर आहे. माफीची नोंद कारागृह अधीक्षकाच्या कचेरीत होते आणि सुटकेची फाइल मंत्रालयात जाते.

याच मातीतले गदिमा, म्हणजे ग. दि. माडगूळकर. त्यांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. एक जेलर सहा खुन्यांना उघड्या माळावर घेऊन जातो. चित्रपट बर्लिनमध्ये गौरवला गेला, सगळ्या देशाने पाहिला, आणि कैदी सुधारतो ही गोष्ट घराघरांत पोचली. पण पडद्यावरच्या सहा जणांचं पुढे काय होणार, त्यांच्या शिक्षेतले किती दिवस कमी होणार, हा भाग चित्रपटात नव्हता. तो भाग न्यायालयात जाणार होता.

१२ जानेवारी १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने गोडसेची याचिका फेटाळली. निकाल न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी लिहिला. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. दंड संहितेत वीस वर्षांचा उल्लेख आहे तो शिक्षेचे अंश मोजण्यापुरता. तुरुंगाच्या नियमांनी मिळालेली माफी खात्यावर राहील, पण जन्मठेपेला शेवटच नसल्यामुळे ती वजा कशातून करणार? सरकारने फौजदारी प्रक्रिया संहितेखाली उरलेली शिक्षा माफ केली तरच कैदी सुटेल. दहा वर्षांच्या शिक्षेच्या कैद्याला त्याचे दिवस हक्काने मिळतात. जन्मठेपेच्या कैद्याला ते सरकारपुढे अर्ज करताना दाखवता येतात, इतकंच. कायद्याच्या दृष्टीने निकाल बिनतोड आहे. पण त्याने एक विचित्र परिस्थिती तयार केली. सगळ्यांत जास्त वर्षं काम करणाऱ्या, सगळ्यांत जास्त दिवस कमावणाऱ्या कैद्याच्याच खात्याची किंमत सगळ्यांत अनिश्चित झाली.

गोडसे शेवटी ऑक्टोबर १९६४ मध्ये सुटला. महिन्याभरातच पुण्यात झालेल्या एका समारंभातल्या वक्तव्यांनी देशभर खळबळ माजली आणि त्याला भारत संरक्षण कायद्याखाली पुन्हा स्थानबद्ध केलं गेलं. त्याच वादातून पुढे गांधीहत्येच्या कटाची चौकशी करणारा कपूर आयोग नेमला गेला.

साठच्या दशकात महाराष्ट्राने स्वतंत्रपूरच्या अनुभवावर पुढे काम केलं. १९६२ साली राज्याने माफीचे स्वतंत्र नियम केले. जायकवाडी धरणाच्या काळात पैठणला खुलं कारागृह उभं राहिलं. तिथे निवड झालेल्या कैद्याला माफी भरघोस मिळते. म्हणूनच खुल्या कारागृहात जागा मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं कैदी वर्तणूक सांभाळतात. संचित रजेचे, म्हणजे फर्लोचे, दिवसही शिक्षेतून माफ होतात. अभिवचन रजेचे, म्हणजे पॅरोलचे, होत नाहीत. बाहेरच्या माणसाला हा फरक कळत नाही. बराकीतल्या प्रत्येकाला तो पाठ असतो.

मग १८ डिसेंबर १९७८ आला. खुनी मोजक्याच वर्षांत बाहेर येतात अशी तक्रार संसदेपर्यंत गेली होती आणि तिच्यात तथ्यही होतं. काही राज्यांत माफीची खैरात होत होती. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३-अ घातलं गेलं. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झालेल्याला, किंवा फाशीची जन्मठेप झालेल्याला, निदान चौदा वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सोडता येणार नाही. माफी कितीही जमलेली असो.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हा गावोगाव रूढ असलेला समज यानंतर आणखी पक्का झाला. खरं तर ती किमान मर्यादा आहे.

या कलमाला देशभरातून आव्हान मिळालं. मारू राम खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने ११ नोव्हेंबर १९८० रोजी निकाल दिला. तो लिहिला न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी, निवृत्तीला अवघे तीन दिवस उरले असताना. कैद्यांच्या हक्कांसाठी आयुष्यभर झगडलेल्या या न्यायाधीशाने कलम वैध ठरवलं, पण दोन दरवाजे उघडे ठेवले. १८ डिसेंबर १९७८ पूर्वी शिक्षा झालेल्यांना ते लागू होणार नाही. त्यांना दिलेली आशा मागून काढून घेता येणार नाही. आणि राष्ट्रपती व राज्यपाल यांचे घटनेतले क्षमेचे अधिकार त्याने कमी होत नाहीत.

चौदा वर्षांनंतर काय, हे राज्यं ठरवू लागली. महाराष्ट्राने १९९२ आणि पुन्हा २०१० मध्ये तक्ते केले. गुन्हा कसा घडला, किती क्रूर होता, स्त्रियांवर होता का, टोळीने केला होता का, यावरून वर्ग. प्रत्येक वर्गाला माफीसह किती वर्षं भरली पाहिजेत याचा आकडा. आणि सगळ्यांना चौदा प्रत्यक्ष वर्षांची अट. म्हणजे माफीचे दिवस निरर्थक झाले नाहीत. चौदाच्या पलीकडे ते पुन्हा मोजले जातात. ही मांडणी मला न्याय्य वाटते, कारण तिच्यात गुन्ह्याचं वजनही आहे आणि कैद्याच्या श्रमाचंही, आणि दोन्ही आधी छापलेली आहेत.

तक्ता नसला किंवा डावलला की काय होतं, ते बिल्किस बानो प्रकरणात दिसलं. २००२ च्या गुजरातमधल्या त्या अत्याचाराचा आणि हत्याकांडाचा खटला मुंबईत चालला. २००८ मध्ये अकरा जणांना जन्मठेप झाली. गुजरात सरकारने त्यांची उरलेली शिक्षा माफ केली आणि १५ ऑगस्ट २०२२ रोजी ते सुटले. शिक्षा सुनावणाऱ्या मुंबईच्या न्यायालयाचं मत विरुद्ध होतं. बाहेर आलेल्यांचे हार घालून सत्कार झाले. जिने सगळं सोसलं तिला या निर्णयाची आधी कल्पनाही दिली गेली नव्हती. ८ जानेवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि उज्ज्वल भुयान यांनी माफी रद्द केली. शिक्षा ज्या राज्यात झाली त्याच राज्याला, म्हणजे महाराष्ट्राला, हा अधिकार होता. अकराही जण परत गोध्र्याच्या तुरुंगात हजर झाले.

या प्रकरणाने माफी या गोष्टीचीच लोकांना चीड आली, आणि ते समजण्यासारखं आहे. पण तिथे जे चुकलं ते कमावलेल्या दिवसांमुळे नव्हतं. निर्णय चुकीच्या हातात होता, कारणं पुरेशी दिली नव्हती आणि पीडितेला विचारलं नव्हतं. जिच्या घरातली माणसं मारली गेली तिचं म्हणणं ऐकणं हा माफीच्या प्रक्रियेचाच भाग असायला हवा. अन्यथा ज्याने खरोखर वीस वर्षं राबून, शिकून, शांत राहून दिवस जमवले, त्याच्यावरही तोच डाग पडतो.

न्यायालयांचा कल दुसऱ्या बाजूनेही गेला आहे. २००८ च्या श्रद्धानंद निकालापासून आणि २०१५ च्या श्रीहरन निकालाने पक्कं झाल्यापासून, फाशीऐवजी जन्मठेप देताना उच्च आणि सर्वोच्च न्यायालय वीस, पंचवीस, तीस वर्षं माफीचा विचारच करायचा नाही असं ठरवू शकतं. अशा कैद्याच्या खात्यावर दिवस जमत असले तरी त्या काळात ते बाहेर पडायला उपयोगी नाहीत. तीन विरुद्ध दोन मतांनी हा निर्णय झाला. फाशी टाळण्याचा मार्ग म्हणून तो समजतो. पण तीस वर्षं ज्याला पुढचं काहीच दिसत नाही त्याने सकाळी उठून काम नीट का करावं, याचं उत्तर त्यात नाही. मॅकॉनोकीने १८४० मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला होता.

जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. कलम ४३३-अ तिच्यात ४७५ व्या क्रमांकावर आलं, आशय तोच. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांनी एक आदेश दिला, ज्याची चर्चा फारशी झाली नाही. ज्या राज्यांत मुदतपूर्व सुटकेचं धोरण आहे तिथे कैदी पात्र झाला की त्याने किंवा नातेवाइकांनी अर्ज करण्याची वाट न पाहता सरकारने स्वतः विचार करायचा. धोरण नसलेल्या राज्यांनी दोन महिन्यांत ते करायचं. नकार दिला तर थोडक्यात का होईना, कारण लिहायचं आणि ते कैद्याला कळवायचं. घातलेल्या अटी वाजवी असायला हव्यात, आणि अट मोडली म्हणून माफी काढून घ्यायची असेल तर आधी त्याचं म्हणणं ऐकायचं. ज्याला अर्ज लिहिता येत नाही, ज्याला वकील नाही आणि ज्याला भेटायला वर्षानुवर्षं कुणी आलेलं नाही, अशा कैद्याची फाइल आता कारागृहाने आपणहून पुढे पाठवायची आहे.